आतून रंगवलेली गाडी

साहेबांच्या भावाने जपानहून रिमोटवर चालणारी गाडी आणली होती. खालचं यंत्र तयार होतं, पण वरची बॉडी म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं एक पातळ कवच. ते आपणच कापायचं, आपणच रंगवायचं. अंधेरीच्या आमच्या कंपनीत मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. नोटीस बोर्ड मी लिहायचो, म्हणून साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचा हात चांगला आहे. लाल पट्टे, दोन्ही दारांवर सत्तावीस नंबर, बाकी सगळं पांढरं. जमेल ना?"

"जमेल, सर."

असली वस्तू मी तोवर पाहिलीही नव्हती. पण तालुक्याच्या शाळेतून आलेल्या, घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटला या माणसाने नोकरी दिली होती, तीही मुलाखतीत माझं इंग्रजी दर वाक्याला अडखळत असताना. त्यांना नाही कसं म्हणणार?

"सांभाळून हं," ते म्हणाले. "इथे दुसरी मिळायची नाही."

घाटकोपरला मी एका मालवणी जोडप्याकडे पेइंग गेस्ट होतो. काका दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या काचेच्या पाट्या रंगवायचे. त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर, चौथी शिकलेल्या माणसाला जपानी वस्तूतलं काय कळणार, असंच मला वाटलं असावं. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

खोक्यातला कागद जपानी होता. चित्रांवरून एवढं कळलं की रंग आतल्या बाजूने द्यायचा, म्हणजे गाडी कुठे घासली तरी रंगाला ओरखडा पडत नाही. हे आपलं आपल्याला उमगलं, याचाच मला केवढा अभिमान! शनिवारी संध्याकाळी कडा कापल्या, निघालेले तुकडे सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आणि आतून पांढरा ऑइलपेंट दिला. शाळेत चित्रकलेच्या तासाला हेच शिकवलं होतं: आधी पार्श्वभूमी, मग बारीक काम. रविवारी सकाळी त्या पांढऱ्यावर जीव ओतून लाल पट्टे ओढले, नंबर काढला आणि बॉडी उलटी करून बाहेरून पाहिली.

कोरी पांढरी. पट्टे नाहीत, नंबर नाही. सगळं पांढऱ्याच्या मागे दडलेलं.

साहेबांचे शब्द आठवले: इथे दुसरी मिळायची नाही. मी काकांच्या फळीवरची थिनरची बाटली उचलली, चिंधी भिजवली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब! काय करतंस?"

मी बॉडी दाखवली. काकांनी ती उजेडात धरून फिरवली आणि हसू दाबत म्हणाले, "अरे, काचेचं काम उलटं असतं. समोर जे दिसायला हवं, ते पयलं काढायचं. मागचा रंग सगळ्यात शेवटी. माका वाटला, तुका ठावक आसतला. कालपासून दार लावून बसलंस, म्हटलं साहेबाचं काम आहे, मधे कशाला तोंड घाला."

"काका, थिनरने निघेल ना?"

"काचेवरचं निघतं. ही काच आहे काय? कातरलेले तुकडे ठेवलंस काय?"

मी पुडी उघडली. एका तुकड्यावर त्यांनी थिनर चोळलं. बघता बघता तो दुधासारखा पांढुरका झाला आणि वाकवल्यावर तडकला. काकांना मिनिटभर उशीर झाला असता तर तीच गत साहेबांच्या बॉडीची झाली असती.

काकांनी दुसऱ्या तुकड्यावर रॉकेल चोळलं. आम्ही दोघं वाट बघत बसलो. तुकडा होता तसाच राहिला, स्वच्छ.

"रॉकेल जपून वापरा हां," काकू आतून म्हणाल्या. "दुपारचो भात तेच्यारच शिजतलो!"

"आज पोरग्याची नोकरी शिजूंदे," काका म्हणाले.

रंग अजून कच्चाच होता. मऊ फडक्याने हळूहळू पुसत गेलो तसा तो उतरत गेला, आणि पुन्हा पलीकडची खिडकी दिसायला लागली. इतका मोकळा श्वास मी मुंबईत आल्यापासून घेतला नव्हता. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून काकांनी आतून उलटा सत्तावीस काढला, आपण सरळ लिहितो तितक्या सहज. पट्टे मात्र माझ्याकडून ओढून घेतले. पांढऱ्या रंगाचा हात सोमवारी दिला, लाल वाळल्यावर.

बुधवारी मी बॉडी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी काही विचारण्याआधीच सगळं सांगून टाकलं, थिनरच्या चिंधीसकट. त्यांनी बॉडीवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला का दिली, माहितीये?" ते म्हणाले. "खोकं चार महिने माझ्या कपाटात पडून होतं. माझीच हिंमत होत नव्हती."

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या आवारात गाडी धावली. दुसऱ्याच वळणावर ती भिंतीला घासली, आणि आम्ही दोघंही धावलो. बाहेर एक बारीक ओरखडा होता. आतला रंग जागच्या जागी होता.

"काकांना सांगा," साहेब म्हणाले, आणि रिमोट माझ्या हातात दिला.