गोठा नसलेला कोर्स

संगमनेरच्या एका खासगी संस्थेत मी प्रवेशाचे फॉर्म भरून घ्यायचो. एकदा पारनेरहून तिशीतली एक बाई आली. पशुवैद्यकीय सहाय्यकाचा कोर्स तिला स्वतःलाच करायचा होता. माहितीपत्रकातल्या गाईच्या पाठीवरून तिनं खऱ्या गाईसारखा हात फिरवला.

"गोठा कुठंय, साहेब?"

"इथं सगळं कॉम्प्युटरवर शिकवतात."

"कॉम्प्युटर लाथ न्हाई मारत," ती हसली. मग गंभीर होत म्हणाली, "तुमची बहीन आसती, तर हितंच घातली आसती?"

सरकारी कॉलेजात गोठा होता, तिथले प्रवेशही सुरू होते. हे ठाऊक असून मी म्हणालो, "हो."

"मंग भरा फॉर्म," म्हणत तिनं निर्धास्तपणे नाव सांगितलं.

ते नाव मला अजून पाठ आहे. घ्यायची लाज वाटते.