आबांनी स्कॅनर मोकळा केला

आबा एंटर दाबण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालत. पत्रबित्र टाइप करताना नव्हे हो. यंत्राला काही जोखमीची आज्ञा द्यायची असली की. खुर्चीवरून उठायचे, हात जोडायचे. "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनीक सुबुद्धी दी रे म्हाराजा!" आणि वालावलच्या आमच्या वाचनालयातली झाडून सगळी पोरं ओरडायची, "व्हय म्हाराजा!" मी तिथे नवी ग्रंथपाल. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी मीही ओरडले.

मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेल्या या माणसाने वाचनालयात संगणक बसवला, त्यावर लिनक्स चढवलं. सगळं झकास चालायचं, स्कॅनर तेवढा हट्टी. यूएसबीला जोडला की फक्त आबांच्या मुख्य खात्याचं ऐकायचा. पोरांच्या खात्याला उत्तर एकच: परवानगी नाही. मग कुणाचा दाखला स्कॅन करायचा तर आबांना जेवणावरून उठवा! बिचारे कढीचा हात धुऊन येत, पासवर्ड मारत.

आणि आता ते कायमचे कोल्हापूरला, लेकीकडे निघाले होते. सोमवारची एसटी. मी रडकुंडीला आले.

"आबा, पासवर्ड देवन जावा. फळ्यावर लिवन ठेवतंय."

"खुळी काय गो तू? एका स्कॅनरासाठी आख्ख्या घराची चावी वाटतलंस?"

शनिवारी ते ठाण मांडून बसले. हा स्कॅनर जोडला की तो 'स्कॅनर' नावाच्या गटाच्या हाती द्यायचा, असा नियम त्यांनी एका फाईलीत लिहिला. त्या गटात पोरांचं खातं घातलं. केबल काढून परत लावली. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं. पडद्यावर परत तेच: परवानगी नाही.

तीनदा तेच. आबांचा चेहरा एवढासा झाला. "तिकीट रद्द करूचा लागतला," ते पुटपुटले. मला फार वाईट वाटलं.

मग माझ्या डोक्यात आलं. आमच्याकडे वर्गणीदाराचं कार्ड दारातच तपासतात. आत बसलेल्याला कोण विचारतो?

"आबा, पोरांचा खाता सकाळपासून उघडाच आसा. गटात नाव तुमी आता घातलात. तेका भायर काढून परत आत घेवया?"

आबांनी कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे!"

खातं बंद केलं, पुन्हा उघडलं. स्कॅनरचा दिवा सरसर सरकला. पोरांनी असा गिल्ला केला की शेजारचे दुकानदार धावत आले.

आबा सोमवारी गेले. गुरुवारी त्यांचा फोन.

"काय अडला?"

"कायच नाय, आबा. सकाळपासून पोरांनीच सगळे दाखले काढल्यानी."

"माका कोणी हाक मारूक नाय?"

"नाय."

ते मोठ्याने हसले.

"वायच रडाक येता गो माका. पण जमला! ठेव फोन."