वैशालीताई आणि तिचा जपानी बेसबॉल

माझी बहीण चाळिशीला टेकली तरी व्हिडिओ गेम खेळायची, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

वैशालीताईला जाऊन आज वर्ष झालं.

काल मामांचा फोन. "पोस्ट टाकशील, पण ते गेमबिम लिहू नको. चांगलं दिसत नाही."

मामा, तेच लिहितोय.

ताई चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी. मी शेजारच्या कंपनीत, शिफ्टमध्ये. जवळच कुरुळीला एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. जपानी कानावर पडावं म्हणून तिनं गेमचा सेकंडहँड कन्सोल आणला, आणि बेसबॉलचे दोन जपानी गेम.

तिथून भांडणं सुरू.

माझा आवडता गेम खऱ्यासारखा. चेहरे खरे, बॉलवरची बोटांची पकड खरी. बॅट जरा उशिरा फिरली की खेळ खल्लास.

तिच्या गेममध्ये गोल डोक्याच्या बाहुल्या! पण त्यात आपला एक खेळाडू घडवायचा. त्याची शाळा, सराव, कोचची बोलणी, मित्रांचे रुसवेफुगवे.

"ताई, हे कार्टून आहे राव."

"तुझ्या गेममध्ये घाम दिसतो. माझ्यात माणूस थकतो. कळलं?"

मग कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली.

मामा बघायला आले, तर हिच्या हातात कंट्रोलर.

"वैशे, हा पोरखेळ सोड. हरिपाठ लाव."

"हरिपाठ सकाळीच झाला मामा. आता बॅटिंग आहे."

त्यातच कंपनीनं कळवलं, कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही.

ताई दोन दिवस नुसती खेळत राहिली.

गेममध्ये तिनं घडवलेल्या पिचरचा, म्हणजे बॉलरचा, खांदा दुखावला होता. कोच त्याला संघातून काढायला निघाला, तेव्हा तो म्हणतो, "मला दुखापत झालीय. मी संपलेलो नाही."

ताईनं गेम थांबवला. ते जपानी वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं. मग परत एकदा.

दुसऱ्या दिवशी डोक्याला स्कार्फ बांधून थेट जपानी साहेबांच्या केबिनमध्ये. मी गेटबाहेर गाडी घेऊन उभा.

बाहेर आली ती हसतच.

"काय म्हणालीस त्यांना?"

"तेच वाक्य. दुखापतीच्या जागी आजार."

साहेबांनी तिला घरून करायला भाषांतराचं काम दिलं. अगदी हात चालेनासे होईपर्यंत ती उशीला टेकून मशिनची मॅन्युअल्स मराठीत करत होती.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनो, हे तिनं त्या खेळातून उचललं. तुमच्या सांत्वनातून नाही.

आता तुम्हाला वाटेल, मी लिहीन, "ताई, तुझाच गेम भारी होता."

नाही लिहिणार.

माणसं तुझ्या गेममध्ये जास्त, मान्य. पण खरा बेसबॉल माझ्याच गेममध्ये. तू गेलीस म्हणून मी हरलो, असं होत नाही. तू कधी माघार घेतली नाहीस. मी घेतलेली तुला आवडलीही नसती.

राग आला असेल तर ये, भांड.

खूप आठवण येते गं.

तुझ्या भावाचा मनापासून नमस्कार, ताई.