त्यालाच इचारा

द्वारकाआत्या गेली, तेव्हा निरोप घेऊन आलेला माणूस दारातच म्हणाला, "आत्या गेल्या... रंगनाथनं सांगितलंय, उपाशी निघू नका, जेवून या." त्याही स्थितीत मला हसू फुटलं. बोलणं आत्याचंच, लेकाच्या तोंडून आलेलं.

रंगनाथ माझा आतेभाऊ. जन्मापासून त्याचे पाय लुळे आणि जीभ जड. डोकं मात्र तल्लख. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडची माणसं खडी फोडायला जात होती, तशी विधवा आत्याही जायची. अपंगांना सरकारी मदत मिळते असं कुणीतरी सांगितल्यावर तिनं विशीतल्या रंगनाथला बैलगाडीत घातलं, मला सोबत घेतलं. कचेरीत मी त्याला पाठुंगळी नेलं. कारकुनानं आत्याकडं बघत विचारलं, "याचं नाव काय?" ती म्हणाली, "त्यालाच इचारा की सायेब. बोलतो त्यो, जरा दम धरावा लागतो." रंगनाथ स्वतःचं नाव, वडलांचं नाव, गाव सांगेपर्यंत मागची रांग चुळबुळायला लागली. आत्या एक शब्द मध्ये घालेना. शेवटी कारकून पेन खाली ठेवून नीट ऐकू लागला... "आता तुमचा अंगठा द्या," तो आत्याला म्हणाला. "मदत त्याची, अंगठाबी त्याचाच!"

मदत मंजूर झाली. पहिली मनीऑर्डर तिनं पोस्टमनला रंगनाथच्याच हातात द्यायला लावली. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? आईला तंबूतला सिनेमा दाखवला! येताना गाडीत आत्या नटीसारखी मान वेळावून दाखवत होती, आणि रंगनाथ हसून हसून गाडीत आडवा झाला होता. गावात मात्र कुजबुज झाली. 'दुष्काळात सरकारी पैशावर चैन' अशी कुणीतरी तक्रार केली आणि तलाठी चौकशीला आले. आता मदत बंद होणार, असंच मला वाटलं. आत्या म्हणाली, "भाऊसाहेब, त्याच्या पोटाला मी घालते. येकदा लेकानं आईचं तिकीट काढलं, तर सरकारचं काय बिघडलं? न्हाई पटत तर त्यालाच इचारा."

तलाठ्यांनी विचारलं. रंगनाथनं सिनेमाची अख्खी गोष्ट सांगितली, मारामारीसकट. तलाठी ओट्यावर बसून राहिले, हातातला चहा निवून गेला. उठताना म्हणाले, "गोष्ट लई रंगवून सांगतोस गड्या!" मदत चालू राहिली.

तेराव्याला नातेवाईक ओसरीवर बसून रंगनाथला कुणाकडं ठेवायचं ते ठरवत होते. केस पिकलेला रंगनाथ बोलू लागला, तशी सगळी ओसरी गप्प झाली. "मी... हितंच... ऱ्हानार. तुमी... येत जा." विषय संपला. शेजारची सून त्याचं जेवणखाण बघते. तो दारात बसलेला असतो. डोक्यावर पाटी घेऊन निघालेली बाईसुद्धा त्याच्यापुढं थांबते, मान आखडली तरी त्याचं वाक्य पुरं ऐकते आणि मगच पुढं जाते. ही सवय गावाला आत्यानं लावलेली.