पोपटाचा उष्टा पेरू

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर मग माझ्या अंगावर चहा सांडाल.

माझी नात चिमी. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाय! हे पाहिजे, ते पाहिजे, सगळं बोटानं. पोर मुकी निघाली तर? आम्ही मेल्यावर हिचं बोट कोणाला कळणार?

सविता, म्हणजे माझी सून, तिला नाशिकला घेऊन गेली. लहान पोरांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम आहेत तिथं. मीही गेलो. मॅडमनी विचारलं, "चिमी, बाहुली आवडली?"

मी म्हटलं, "लय आवडली!"

"आजोबा, मी तिला विचारलं."

"ती बोलत नाय म्हणून तर आणलीय ना!"

"तिला बोलायला जागा कुठं ठेवता तुम्ही? एक वाक्य बोला आणि गप्प थांबा. तिची पाळी येऊ द्या."

गप्प थांबा! ह्याला काय औषध म्हणतात?

खरं औषध मला ठाऊक होतं. पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातला की मुकं पोरसुद्धा बोलतं, असं माझी आई सांगायची. पिंपळगावला आमच्या घरामागं पेरूचं झाड, वर पोपटांची जत्रा. मग कशाला हवी मॅडम?

दुसऱ्याच दिवशी शिडी लावली. चिमी खाली उभी. पार शेंड्याला अर्धा कुरतडलेला पेरू! तोडला, बंडीच्या खिशात टाकला आणि पायाखालची शिडी गेली!

घोरपडीसारखा फांदीला चिकटलो. सत्तरीचं धूड हो!

"सविता! अगं ए सविता! मेलो!"

सविता स्वयंपाकघरात. येतेय कशाला! मग चिमीवरच खेकसलो, "आईला बोलव! जा! नको जाऊ, इथंच थांब! जा म्हणतो ना!" पोरगी आपली टकामका बघतेय.

तेवढ्यात फांदी वाजली. कट्ट!

जीभ टाळ्याला चिकटली. श्वास घ्यायचंही भ्या वाटायला लागलं, न जाणो त्याच्याच वजनानं फांदी मोडायची. धोतर भिजायचं तेवढं बाकी होतं. जन्मात पहिल्यांदा माझं तोंड बंद पडलं.

चिमी वर बघत राहिली. तिचा चेहरा उतरला, ओठ थरथरले. पळत दाराशी गेली आणि किंचाळली,

"आई! आबा गप!"

सविता पिठाच्या हातांनीच धावत आली. शिडी लावून मला उतरवलं, पोरीला कवटाळलं आणि हमसून रडायला लागली. डोळे माझेही भरले, पण तोंड काय गप्प बसतंय?

"मघापासून बोंबलतोय, कान फुटले होते का तुझे?"

"ऐकू येत होतं की, आबा! पण तुम्ही रोजच बोंबलता. गप झालात म्हटल्यावर माझं काळीजच हललं!"

तरी मी मॅडमना फोन लावलाच. छाती फुगवून सांगितलं, "आमच्या पेरूनं पोर बोलली!"

सवितानं फोन हिसकावला. "अहो मॅडम, पेरू अजून ह्यांच्या खिशातच आहे!" आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम लय वेळ हसल्या. मग म्हणाल्या,

"औषध लागू पडलं म्हणायचं! आता आजोबांना रोज थोडा वेळ झाडावर ठेवत जा."