फाइन म्हणू नको

अकोल्यात जठारपेठेतल्या ज्या दुकानाच्या पाटीवर 'फाइन रफू' असं ठळक इंग्रजीत रंगवलेलं होतं, त्या दुकानाचा मालक स्वतःच्या तब्येतीबद्दल फाइन हा शब्द चुकूनही काढत नसे. "चाचा, कसे आहात?" असं विचारलं की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ठीक आहो. फाइन नाई आहो अजून." नवीन गिऱ्हाईक बिचकायचं. आम्ही जुने हसायचो. सगळी गल्ली त्यांना फाइनचाचा म्हणायची.

याचं मूळ त्या पाटीतच होतं. पाटी नवी असताना एक वकील फाटका कोट घेऊन आले आणि विचारू लागले, "इथे दंड भरून घेता काय?" चाचा उर्दू शाळेतून दहावी झालेले. एकच शब्द छानही आणि दंडही, हे त्यांना पटेना. रद्दीवाल्याकडून उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी आणून ते त्या शब्दाच्या मागे लागले. वकिलांना कोट पंधरा दिवस उशिरा मिळाला, पण सोबत उत्तरही मिळालं.

मी तेव्हा बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. कॉलेजात आम्ही नोट्स घोकत होतो. शब्दालाही खानदान असतं हे मला कळलं ते रफूच्या दुकानात. ओढणी फाटली म्हणून गेले होते. सुई न थांबवता चाचा सांगू लागले, "लॅटिनमंधी फिनिस म्हंजे शेवट. काम शेवटावर नेलं, कसर ठेवली नाई, तं ते फाइन. धागा इतका बारीक का त्याच्यापुढं बारीक होतच नाई, तं तोही फाइन. अन् झगडा मिटवाले जे भरलं, तेही फाइन. भरलं का खतम. मंग मनात ठेवाचं नाई." मग सुई थांबवली. "म्हून तब्येत इचारली तं मी फाइन म्हणत नाई, बेटा. माहा शेवट मीच कावून सांगू?"

पुढे मी अमरावतीला प्राध्यापक झाले. महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्याला चक्कर व्हायची. उशीर झाला की चाचा तोंड फुगवायचे. "दोन महिने आली नाई. फाइन लागन तुले." हा फाइन म्हणजे समोरच्या टपरीवरचा चहा, माझ्याकडून. चहा संपला की कप उलटा ठेवायचे आणि म्हणायचे, "झालं. खतम." खरंच तो विषय पुन्हा निघत नसे. रुसवा इतका स्वच्छ संपवणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. मला स्वतःला तर ते कधीच जमलं नाही.

मग माझ्या चकरा कमी झाल्या. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं दीड वर्ष. अमरावती-अकोला रस्ता काही लांबला नव्हता, माझी कारणं लांबली होती. चाचा मात्र फोन करायचे.

त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. "येऊन राहिली काय, बेटा?"

"येते ना चाचा, एवढे पेपर आटोपू द्या. तुम्ही कसे आहात?"

ते जरा थांबले. म्हणाले, "फाइन."

"चला, छान!" मी म्हटलं, फोन ठेवला आणि पुढचा पेपर ओढला. त्या शब्दाचं खानदान मी दरवर्षी वर्गात चाचांच्या उदाहरणासकट शिकवते. मुलं वहीत उतरवून घेतात. मीच ऐकलं नाही.

सहाव्या दिवशी त्यांच्या मुलाचा, इरफानभाईचा फोन आला. चाचा गेले होते. दुखणं त्यांनी घरात कोणालाच कळू दिलं नव्हतं.

मी गेले तेव्हा दुकान अर्धंच उघडं होतं. टपरीवरून चहा इरफानभाईनेच मागवला, मला पैसे काढू दिले नाहीत. कप माझ्यापुढे ठेवत त्याने विचारलं, "ताई, अब्बानं शेवटचा फोन तुमालेच केला होता. काय बोलले?"

"ठीक आहो म्हणाले."

"म्हंजे फाइन नाई बोलले ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मोठा श्वास सोडला. "मंग झालं. मले वाटे, त्यायले शेवट समजला होता अन् आमी तसेच बसून राहिलो."

मी चहा संपवला. कप उलटा ठेवायला माझा हात धजला नाही.