धुऱ्यावरचा नमुना

हिमालयाच्या पोटात, चाळीस किलोमीटर खाली काय शिजतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. दोन भूखंड एकमेकांवर आदळले की वर डोंगर उभे राहतात, तेवढंच सगळ्यांना दिसतं. खाली कवच दुप्पट जाड होतं, तापतं, मऊ पडतं आणि पोळी लाटताना कडेने पुरण निसटावं तसं सरकत जातं. त्या खोलीवरून वर आलेला, खरबुजाएवढा एक दगड मला एका दरीत मिळाला. पुढच्याच आठवड्यात दरड कोसळून ती वाट बंद झाली. म्हणजे माझी सगळी पीएचडी त्या एका दगडावर होती.

तो घेऊन मी बडनेऱ्याला रेल्वेतून उतरले, जीपमध्ये मांडीवर सांभाळत दर्यापूरच्या पुढे आमच्या गावी आले आणि मेल्यासारखी झोपले. पिशवीत सापडेल ते धुवायचं, हा आईचा स्वभाव. तिने कपड्यांबरोबर दगडही साबणाने घासला आणि घरामागच्या झेंडूच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर वाळत ठेवला.

आमच्या शिवारात दगड नसतो. कितीही खणा, मातीखाली मातीच. दुपारी मी उठून गेले तेव्हा दगडाला शेंदूर लागला होता, आमच्याच झेंडूचा हार होता आणि समोर शेजारच्या काकू हात जोडून बसल्या होत्या. मागे दहा-बारा बाया.

"काकू, हा माहा दगड हाय," मी म्हणाले.

"देव कोणाचा नसते, बाई. सोताहून वर आला थो."

आता खोटं कसं बोलणार? "आला सोताहूनच. पण अठी वावरात नाही, हिमालयात. चाळीस किलोमीटर खालून."

काकू बायांकडे वळल्या. "आयकलं?"

मी घाईघाईने समजावत सुटले. तिथे इतकी धग असते की दगड वितळायला लागतो, हा अर्धामुर्धा वितळूनही टिकला, त्यातले लाल खडे तसल्या दाबाशिवाय बनतच नाहीत. माझ्या प्रत्येक वाक्याला एकेक बाई पुढे येऊन पाया पडत होती. आयुष्यातलं पहिलं जाहीर व्याख्यान इतकं रंगलं की पळून जावंसं वाटलं.

मग मी शेंदरावर आले. शेंदरात शिसं असतं, आणि दगडातलं शिसं मोजूनच मला त्याचं वय काढायचं होतं.

"देवाचं वय काहून काढून राहिली?" काकूंनी विचारलं.

"काढाच लागते. अन् त्याच्यासाठी त्याले कापा लागन."

साबण दगडाऐवजी मलाच लावायला हवा होता, अशा नजरेने बायांमागे उभी राहून आई माझ्याकडे बघत होती. मला रडू फुटलं. रडत रडतच सांगितलं की चार वर्षांत माझ्या हाती एवढंच लागलंय, हा गेला तर मी रिकामी.

काकूंनी दगडावरचा हार सारखा केला. "अर्धा ने," त्या म्हणाल्या. "पण वय काय निंघते थे मले येऊन सांगजो."

गावातल्या फरशीवाल्याने आधी नारळ फोडला, मग कटर लावलं.

वय निघालं दोन कोटी वर्षं, पाच लाख इकडंतिकडं. मी येऊन काकूंना सांगितलं. तेव्हापासून दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते ऐकवतात, पाच लाखांसकट. कापलेली बाजू त्यांनी पुढे ठेवली आहे, कारण त्यातले लाल खडे उन्हात छान दिसतात.

गेल्या महिन्यात परीक्षकांचं पत्र आलं. एका मोजणीने भागणार नाही, त्याच दगडाच्या दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा करा, नाहीतर पदवी विसरा. माझा अर्धा भाग पूड होऊन केव्हाच संपला होता. मी गाव गाठलं आणि काकूंकडे बोटभर तुकडा मागितला.

"मले काय विचारून राहिली? त्यालेच विचार."

धुऱ्यावर रांग होती. मी नारळ आणला, चपला काढल्या आणि रांगेत उभी राहिले. नंबर आल्यावर मी माझ्याच नमुन्यापुढे हात जोडले, बोटभर तुकडा मागितला आणि दुसरी मोजणी जुळू दे म्हणून नवस बोलले. बोलताना अजिबात अडखळले नाही, याची मला मोजणीपेक्षा जास्त भीती वाटली.

काकूंनी नारळ फोडून अर्धा माझ्या हातात दिला. "दोन कोटी वर्सं थांबला थो," त्या म्हणाल्या. "तू चार दिवस थांब."

मी अजून गावातच आहे.